लेझरचा मुहूर्त सावली बघून

चेहऱ्यावरच्या प्रकाश-उपचारांबद्दलची पत्रं, म्हणजे लेझर, आयपीएल (यंत्रातून मारलेला तीव्र प्रकाशाचा झोत), एलईडी, या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी शंका एकच आहे: कुठल्या महिन्यात करावं?

प्रश्न : हनुवटीवरचे केस लेझरने काढायचे आहेत. क्लिनिकवाले म्हणतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सीझन, उन्हाळ्यात हातच लावायचा नाही. पण माझ्या मावसबहिणीने मे महिन्यात केलं, तिला काही झालं नाही. खरं काय मानू? (वाचक, गिरगाव)

दोन्ही खरं असू शकतं. यंत्रातून निघालेला प्रकाश केसाच्या मुळातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, शोधतो. तिथे त्याची उष्णता होते आणि मूळ भाजतं. रंग, तरंगलांबी आणि झोताचा कालावधी यांचा मेळ घालून नेमकं हवं तेवढंच भाजायचं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली मांडलं. आजची सगळी यंत्रं त्यावरच चालतात. अडचण एकच. मेलॅनिन कातडीच्या वरच्या थरातही असतं, आणि हे मेलॅनिन केसाचं की उन्हात रापलेल्या गालाचं, ते प्रकाशाला कळत नाही. गाल जितका रापलेला, तितकी उष्णता वरच्या वर अडकते. मुळापर्यंत कमी पोचतं आणि वर चटका बसतो.

म्हणजे प्रश्न थंडी-गरमीचा नसून रापण्याचा आहे. हिवाळ्याचा नियम मुळात जिथे डिसेंबरात सूर्य जेमतेम वर येतो त्या थंड देशांतला. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबारा-पाऊणच्या सुमारास. २२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही, त्या वेळी तो क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो. तेव्हा शिवाजी पार्कात सरळ उभं राहून पाहिलं, तर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा किंचित आखूडच भरते. सावली आपल्यापेक्षा आखूड असेपर्यंत ऊन कातडी रापवायला पुरेसं कडक असतं, असा साधा ठोकताळा आहे. म्हणजे मुंबईत असा एकही दिवस नाही की भर दुपारी बिनघोर फिरावं. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैतला तो दिवस ढगांमुळे कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच. विरळ ढगांतून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात.

सगळ्यात फसवा महिना ऑक्टोबर. पाऊस परतला की आकाश धुऊन निघतं आणि ऑक्टोबर हीट सुरू होते. ‘पावसाळा संपला, आता लेझर सुरू’ म्हणून याच वेळी क्लिनिकच्या जाहिराती येतात, आणि त्याच वेळी लोक नवरात्रात, दिवाळीच्या खरेदीत दुपारभर उन्हात असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोपा जातो, हे मान्य. पण आठच्या लोकलने जाऊन संध्याकाळी परतणारी, दिवसभर ऑफिसात बसणारी बाई मेमध्येही लेझर करू शकते. आणि दुपारी उन्हात दुकानं फिरणाऱ्या सेल्समनने जानेवारीतही जपून करावं. तुमच्या मावसबहिणीचं कोडं बहुधा असंच सुटेल.

स्वतःपुरती तपासणी घरीच होते. खिडकीपाशी उजेडात उभ्या राहा आणि गालाचा रंग कानामागच्या कातडीच्या रंगाशी ताडून पाहा. फरक सहज दिसत असेल तर थांबा. आपल्या वर्णाची रापलेली कातडी उतरायला महिना लागतो, कधी दोन-तीनही.

क्लिनिकमध्ये विचारायचं ते यंत्राचं नाव नव्हे, तरंगलांबी. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीसाठी चांगलं. ८०८-८१० चं डायोड आपल्याकडे सर्रास वापरतात, योग्य कूलिंग आणि लांब पल्स, म्हणजे झोताचा कालावधी जास्त, असेल तर ठीक. सावळ्या-काळ्या वर्णाला १०६४ चं एनडी-यॅग सगळ्यात सुरक्षित. ते वरच्या मेलॅनिनला कमी जुमानतं आणि खोल जातं. दुखतं मात्र जास्त, आणि बारीक केसांवर त्याचा जोर चालत नाही.

आधीचे चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा बंद. मूळच उपटलं तर प्रकाशाने जायचं कुठे? आदल्या दिवशी रेझर फिरवा. त्याने केस राठ होतात ही समजूत सोडून द्या. चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सेशन लागतात, कारण एका वेळी वाढीच्या टप्प्यात असलेलेच केस मरतात. पांढरे केस जाणार नाहीत. पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओएससाठी, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडासाठी, तपासण्या करा. हार्मोन्स तसेच राहिले तर नवे केस येत राहतील आणि दोष लेझरला जाईल. आणि गालावरच्या मऊ लवेला लेझर लावू नका. आपल्याकडच्या स्त्रियांत गाल, जबडा आणि मान इथे अर्धवट उष्णतेने केस उलट वाढल्याची उदाहरणं पुरेशी आहेत.

प्रश्न : ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आयपीएल फोटोफेशियल केलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे उमटले, फूटपट्टीने आखल्यासारखे. क्लिनिक म्हणतं, नॉर्मल आहे, खपली पडून जाईल. आधीच्या शनिवार-रविवारी आम्ही अलिबागला होतो, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलंही नव्हतं. (वाचक, डोंबिवली)

हे नॉर्मल नाही. आयपीएलनंतर नॉर्मल काय, तर जिथे आधीच डाग होता तिथेच रंग गडद होतो. कॉफीची पूड चिकटल्यासारखे बारीक कण दिसतात आणि पाच-सात दिवसांत तोंड धुताना आपोआप निघून जातात. डाग नव्हता तिथे सरळ कडांचा आयत उमटला, तर तो हँडपीसच्या, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या भागाच्या, काचेचा ठसा आहे. हा भाजल्याचा डाग.

तो का पडतो, हे कळलं तर पुढच्या वेळी टाळता येईल. आयपीएल हे लेझर नाही. लेझर एकाच तरंगलांबीचा असतो, आयपीएल साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा पांढरा झोत. पुढे फिल्टर लावून त्यातला खालचा भाग कापतात. आपल्या वर्णाला निदान ५९०, शक्यतो ६४०च्या वरचा फिल्टर हवा. ५१५ किंवा ५६० लावला तर वरच्या थरातलं मेलॅनिन तो झोत अधाशासारखा पितं. त्यात तुमचा गाल ताजा रापलेला. किनाऱ्यावर वरून तर ऊन लागतंच, शिवाय कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि फेसाळ लाटा २५ टक्के अतिनील किरण परत उडवतात. त्यामुळे टोपी घालूनही हनुवटी आणि गाल रापतात. याखेरीज जेल कमी लावणं, ते वाळेपर्यंत काम लांबवणं, हँडपीस तिरका धरल्याने काचेच्या एका कडेशी हवा राहणं, एका झोतावर दुसरा चढवणं, काचेवर चिकटलेला जळका केस न पुसणं, ही कारणं नेहमीची. पट्ट्याची एकच कड जास्त गडद असेल तर बहुधा हँडपीस तिरका होता. पट्टे एकमेकांवर चढले असतील तिथे रंग दुप्पट दिसेल. आरशात बघून कळेल.

आता काय करायचं? आज आणि दर आठवड्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. फोड आला असेल तर फोडू नका. व्हॅसलीनचा पातळ थर द्या आणि त्वचातज्ज्ञांना दाखवा. हळद, लिंबू, टूथपेस्ट, कोरफड यांतलं काही नको. खपली खरवडायची नाही. तीन-सहा महिन्यांत असा डाग बहुतेकदा विरतो, पण ऊन लागत राहिलं तर वर्षही जातं. खपली पडून कातडी बंद झाल्यावर सनस्क्रीन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने अझेलाइक ॲसिड. ‘डाग घालवायला एक फ्री सेशन देतो’ असं क्लिनिकने म्हटलं, तर नम्रपणे नको म्हणा. भाजलेल्या कातडीवर पुन्हा प्रकाश म्हणजे आगीतून फुफाट्यात.

त्या दिवसाची नोंदही लेखी मागा: कोणतं यंत्र, कोणता फिल्टर, किती ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर, किती मिलिसेकंदांची पल्स. पुढचे डॉक्टर त्यावरूनच अंदाज बांधतील. टेस्ट पॅच केला होता का? जबड्याखाली किंवा कानापुढे एक-दोन झोत देऊन किमान ४८ तास थांबतात. सावळ्या वर्णात दोन आठवडे थांबलं तर आणखी बरं, कारण काळवंडणं उशिरा वर येतं. सकाळी पॅच आणि दुपारी सेशन, याला टेस्ट म्हणत नाहीत.

प्रश्न : वय ४२. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. दहा लेझर टोनिंगचं पॅकेज घेतलं. चार सेशननंतर फिकट झाले, एप्रिलमध्ये पूर्वीपेक्षा गडद होऊन परत आले. राहिलेली सहा सेशन थंडीत करू का? (वाचक, मुलुंड)

पैसे भरले आहेत म्हणून नको. वांग म्हणजे नुसता साठलेला रंग नव्हे. तिथल्या रंगपेशीच चिडलेल्या असतात. हार्मोन्स, ऊन, उष्णता आणि डोळ्यांना दिसणारा साधा उजेड, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, कशानेही त्या पुन्हा कामाला लागतात. लेझर टोनिंगमध्ये १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड, म्हणजे अतिशय कमी कालावधीचा, झोत अगदी हलक्या मात्रेत देतात. रंगाचे कण फुटतात, पण पेशींचा स्वभाव बदलत नाही. म्हणून परत येणं हा यंत्रापेक्षा आजाराचाच गुण मानावा. सेशन वाढवत नेली की दुसरा धोका पुढे येतो. गालावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके पडतात, आणि ते भरून यायला वांगापेक्षा जास्त छळतात. एकही ठिपका दिसला तर टोनिंग तिथेच थांबवायचं. वांगावर आयपीएल तर आपल्या वर्णात आम्ही सुचवतच नाही.

आधी पाया घाला. लोह ऑक्साइड असलेलं, म्हणजे कातडीच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन, रोज, पावसाळ्यातही. पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, दिसणारा उजेड नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढा. चेहरा आणि मानेसाठी ते एका वेळचं माप. रोज दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या आत संपते. तुमची तीन महिने पुरत असेल तर ते लावणं झालं नाही, शिंतोडे उडवणं झालं. घामावर दुसरा थर चोळू नका, गोळे होतात. टिश्यूने आधी टिपून घ्या. खिडकीच्या साध्या काचेतून अतिनील किरणांतला यूव्हीए हा प्रकार आत येतो, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला असेल तर घरातही लावा. गॅससमोर तास-दोन तास उभं राहण्याची उष्णताही वांगाला चढवते.

औषधं त्वचातज्ज्ञांकडूनच घ्या: हायड्रोक्विनोन ठरावीक आठवड्यांपुरतं, किंवा पोटात घ्यायचं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. पायात-फुप्फुसात रक्ताची गुठळी कधी झाली असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगा. मेडिकलवाल्याने दिलेलं ‘गोरं करणारं’ ट्यूबमधलं क्रीम वापरत असाल तर त्यावरची नावं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, तरी सर्रास मिळतं. त्याने पातळ झालेल्या लालसर कातडीवर कुठलाही प्रकाश-उपचार कुठल्याही ऋतूत नको.

तीन महिने हे नीट करून वांग स्थिर राहिले, तर डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन हलकी सेशन विचारात घेता येतील. उरलेल्या सेशनचे पैसे दुसऱ्या उपचाराकडे वळवून द्या, असं क्लिनिकला सांगायला संकोच करू नका.

प्रश्न : मुलीचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ओठांवरचे आणि हनुवटीचे केस, शिवाय पिंपल्सचे काळे डाग आहेत. कधीपासून काय करायचं? (वाचक, परळ)

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. पाच आठवड्यांच्या अंतराने धरलं तर मार्चच्या अखेरपर्यंत पाच सेशन बसतात. सहावंही हवं असेल तर अंतर सुरुवातीपासूनच साडेचार आठवड्यांचं धरा, म्हणजे ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बसेल, त्यानंतर नाही. लग्नाआधीचे चार आठवडे चेहऱ्याला कुठलाही नवा प्रयोग नको, मग ते कार्बन पील असो की ‘ब्रायडल ग्लो’ असो. राहिलेले तुरळक केस दोन दिवस आधी रेझरने.

भुवयांना लेझर कधीच नको. डोळ्याच्या खोबणीच्या आत झोत गेला तर डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, जो मेलॅनिननेच भरलेला असतो, तो भाजतो. भुवया थ्रेडिंगनेच करा. ओठांवर करतानाही धातूचा, गच्च बसणारा चष्मा लावला आहे ना, ते मुलीनेच बघावं. ओल्या कापसाच्या पट्ट्या म्हणजे चष्मा नव्हे.

काळ्या डागांसाठी यंत्रापेक्षा पिंपल्स थांबवणं आणि सनस्क्रीन. सहा महिन्यांत बरंच उतरतं. राहिली हळद. त्या दिवशी डाळीचं पीठ घालून खसखसून चोळू नका, पातळ लावून लगेच धुवा. आणि केळवणं, आमंत्रणं, खरेदी यांत एप्रिलच्या दुपारी जाणारच असाल, तर मुलीला छत्री द्या, गडद रंगाची आणि दाट कापडाची. सजावटीची जाळीदार नको.

प्रश्न : पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझर सुचवलं आहे. जुलैत वर्क फ्रॉम होम मिळेल, तेव्हा उरकावं का? पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वी संपल्या. एकाने सांगितलं सहा महिने थांबा. (वाचक, वसई)

गोळ्यांचं आधी. सहा महिन्यांचा नियम जुना आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या त्वचातज्ज्ञांच्या गटांनी पुरावे पुन्हा तपासले आणि फ्रॅक्शनल लेझरसाठी तेवढं थांबायची गरज दिसत नाही असं सांगितलं. संपूर्ण चेहऱ्याची कातडी खरवडण्याच्या उपचारांपासून मात्र अजून लांब राहायचं. तरी गोळ्यांची तारीख डॉक्टरांना सांगा.

पावसाळ्याचं म्हणाल, तर घरात बसणार असाल तर जुलै वाईट नाही. फ्रॅक्शनल सीओटू कातडीत सूक्ष्म भोकं पाडतं. पहिले एक-दोन दिवस चेहरा सुजतो, लस येते, मग सॅंडपेपरसारखी खरखरीत बारीक खपली, ती पाच-सात दिवसांत झडते. या आठवड्यात पावसाचं पाणी, हेल्मेटचा पट्टा, लोकलमधली गर्दी यांतलं काहीच चेहऱ्याला लागायला नको. दमट हवेत घामाखाली पुवाच्या पुटकुळ्या लवकर येतात. म्हणून पंख्याखाली राहा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने दिवसातून दोन-तीनदा चेहरा नुसता ओला करून टिपा. वर व्हॅसलीन चकाकेल इतकंच, थापायचं नाही. ओठांवर पूर्वी कधी ‘जर उठला’ असेल, म्हणजे नागीणवर्गीय फोड, तर आधीच सांगा. उपचाराच्या सुमारास विषाणूविरोधी गोळ्या सुरू कराव्या लागतात. खपलीनंतर दुखणं वाढलं, ताप आला, एका जागी फोडांचा पुंजका दिसला, तर त्याच दिवशी दाखवा.

खरी परीक्षा त्यानंतर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये, आपल्या वर्णात काळवंडणं वर येतं. तेव्हा ऑफिस सुरू झालेलं असेल आणि बाईकही. बाईक रोजचीच असेल तर डॉक्टरांना मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सीबद्दल विचारा. ती सुयांमधून वीज देते. प्रकाश नसल्याने कातडीच्या रंगाशी तिचं फारसं देणंघेणं नाही आणि काळवंडण्याचा धोका कमी.

प्रश्न : घरगुती आयपीएल यंत्र ऑनलाइन घेतलं. चेहऱ्यावर धरलं की लाल दिवा लागतो, फ्लॅश पडत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला मात्र चालतं. बिघाड आहे का? एलईडी मास्कही घ्यायचा विचार आहे. (वाचक, भांडुप)

बिघाड नाही. यंत्रात कातडीचा रंग मोजणारा सेन्सर असतो आणि तुमचा चेहरा त्याच्या मर्यादेपलीकडे सावळा आहे, एवढंच तो सांगतोय. दंडावर सेन्सर ‘उघडून’ पटकन चेहऱ्यावर न्यायचा ही युक्ती काही जण करतात. त्याने काय होतं, ते डोंबिवलीच्या पत्रात आलंच आहे. यंत्र काखेसाठी वा पोटऱ्यांसाठी ठेवा, तिथेही दिवा हिरवा असेल तरच.

एलईडी मास्कने केस जात नाहीत, कातडी भाजत नाही, आणि त्याला ऋतूही नाही. त्यात अतिनील किरण नसतात. ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल उजेड सौम्य असतो. ४१५ च्या आसपासचा निळा पिंपल्सच्या जंतूंना मारतो, पण सावळ्या कातडीला तो काळसरही करू शकतो, म्हणून वांग असतील तर निळं बटण दाबू नका. फरक दिसायला आठवड्याला तीन-चार वेळा असे दोन-तीन महिने लागतात. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारून घ्या. आणि परतीची मुदत संपली नसेल तर आयपीएलचं खोकं टाकून देऊ नका.